इंजिन तापते? पंप बदलण्यापूर्वी...
खंडाळ्याचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला, की चालकाच्या छातीत धस्स होते. इंजिनात कूलंट खेळते ठेवण्याचे काम वॉटर पंप करतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी वापरल्यास पंपाची लोखंडी पाती गंजून झिजतात आणि प्रवाह मंदावतो. अशा वेळी गंजरोधक पात्यांचा, अधिक क्षमतेचा पंप बसविणे हितावह ठरते. मात्र रेडिएटर तुंबलेला किंवा पंखा बंद असेल, तर नव्या पंपावरील खर्च व्यर्थच! म्हणून आधी गळती, पट्टा, पंखा व थर्मोस्टॅट तपासून घ्यावेत. काटा चढताच गाडी थांबवावी; अन्यथा हेड वाकून दुरुस्तीचा खर्च कैकपटींनी वाढतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.