बिनपगारी रजेचा अर्थ

आपल्याकडे ‘फर्लो’ म्हटले की तुरुंगातल्या कैद्याला मिळणारी रजा आठवते. अमेरिकेत सरकार आपल्याच नोकराला ‘कामावर येऊ नकोस’ म्हणते आणि त्या दिवसाचा पगार कापते, त्याला हा शब्द आहे.

२०११ च्या कायद्याने ठरलेली खर्चकपात मार्च २०१३ मध्ये लागू झाली. सैनिकांचे पगार तीतून वगळले गेले. भार पडला तो संरक्षण खात्यातील बिनगणवेशाच्या नोकरांवर: कारागीर, कोठारातले कामगार, कारकून. ८ जुलैपासून सुमारे साडेसहा लाख लोकांना आठवड्यातून एक दिवस घरी बसवण्यात आले. आठवड्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा गेला. आधी २२ दिवस ठरले होते. ते १४, मग ११ आणि अखेर ६ वर आले. म्हणजे ही कपात अटळ नव्हती. पैसा शोधला, तेव्हा सापडला.

कामगाराला ३० दिवसांची नोटीस आणि अपिलाचा हक्क होता. ३० हजारांहून अधिक अपिले दाखल झाली. बहुतेकांच्या पदरी काही पडले नाही. सरकारने रीत पाळली की नाही एवढेच तपासले जाते; चूल कशी पेटली, हे कोणी विचारत नाही.

२०१९ च्या कायद्याने एक संरक्षण दिले: अंदाजपत्रकाअभावी सरकार बंद पडले, तर थकलेला पगार नंतर मिळावा. पण खर्चकपातीची रजा त्यात येत नाही. कंत्राटदाराकडचे सफाई कामगार आणि उपाहारगृहातले नोकरही त्यात येत नाहीत. सर्वांत खालच्या माणसाला कायदा ओळखतच नाही.

हा प्रश्न मला परका वाटत नाही. १९४१ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा कुठे रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढला. काळ्या माणसाने लढून ते दार उघडले. आपल्याकडेही खडकी, देहूरोडच्या लष्करी कारखान्यांनी आणि डेपोंनी अनेक दलित घरांत पहिला नियमित पगार आणला. २०२१ मध्ये आपल्या ४१ आयुध निर्माणींच्या ७ कंपन्या झाल्या. म्हणून आपण आजच विचारले पाहिजे: तोटा दाखवला जाईल, तेव्हा पहिला कोणाचा पगार कापला जाईल? आणि कंत्राटी कामगाराला कोणता कायदा आपला म्हणेल?