मालागाची तळलेली मासळी

भगिनींनो, मांदेलीचा वाटा आणून ती कशी तळावी, हे आम्ही तुम्हाला शिकवायला नको. पण मांदेलीच्याच कुळातली एक मासळी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा शहरात घरोघरी तळली जाते. तिला बोकेरोन म्हणतात. मालागाच्या माणसांनाही बाकीचे स्पॅनिश लोक थट्टेने ‘बोकेरोनेस’च म्हणतात!

डोके आणि आतडी काढून मासळी धुवायची, फडक्याने कोरडी करायची, मीठ लावायचे. चार-पाच मासळ्यांच्या शेपट्या चिमटीत धरून पंख्यासारखी जुडी करायची, गव्हाच्या पिठात घोळवायची, जादा पीठ झटकायचे आणि कडकडीत ऑलिव्ह तेलात सोडायची. दोन-तीन मिनिटांत कुरकुरीत. वरून लिंबू. हळद नाही, तिखट नाही. आपल्या जिभेला हे अळणी लागेल, पण मासळी ताजी असेल तर काही बिघडत नाही. पेयाबरोबर छोट्या बशीत अशी जी खाणी देतात त्यांना तिकडे ‘तापास’ म्हणतात.

आता त्या तेलाविषयी. जुन्या काळी स्पेनमधल्या ख्रिस्ती घरांत डुकराची चरबी सर्रास वापरली जाई. ज्यू लोकांना ती निषिद्ध, म्हणून ते तेलात रांधत. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच मासे तळून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी थंडच खात. 1492 साली राजा-राणीने फर्मान काढले: ख्रिस्ती व्हा, नाहीतर देश सोडा. जे ख्रिस्ती झाले त्यांच्यावरही विश्वास नव्हताच. 1478 साली स्थापन झालेल्या धर्मन्यायालयापुढे शेजारीपाजारी आणि मोलकरणी साक्ष देत. या घरात डुकराचे मांस खातात का? तेलात रांधतात का? चुलीवरच्या वासावरून माणसाचा धर्म ठरे. दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त होई, कित्येकांना जिवंत जाळले. हे न्यायालय कायमचे बंद व्हायला 1834 साल उजाडले.

देश सोडून गेलेल्यांच्या वंशजांनी तळलेली मासळी लंडनला नेली. तिथे एकोणिसाव्या शतकात तिच्या जोडीला बटाट्याच्या तळलेल्या फोडी आल्या, आणि इंग्रज मजुरांना आवडता घास मिळाला.

मालागात आज सगळेच ऑलिव्ह तेलात तळतात. आपल्याकडे ते तेल महाग, शेंगदाण्याचे चालेल. मांदेली मात्र नीट कोरडी करून घ्या, नाहीतर पीठ तेलात सुटते.