दगड, कागद, कात्री आणि मायक्रोबिट

‘मुलाला कोडिंगचा क्लास लावला का?’ हा प्रश्न आता इथल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत ‘मराठी बोलतो का?’ इतकाच हमखास विचारला जातो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं, की कोणत्या क्लासची फी किती, कोण सर्टिफिकेट देतं, आठव्या वर्षी पायथन शिकवतात का, अशी चर्चा सुरू होते. त्या मुलाला काय करून बघायचंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

मी दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात राहते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. शनिवारी सकाळी गावच्या ग्रंथालयात मुलांचा कोडिंगचा क्लब भरतो, तिथे मदतीला जाते. आठ ते तेरा वर्षांची मुलं येतात. फी नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेटही नाही. तिथे जे पाहिलं आणि जे उपयोगी पडलं ते आज सांगते. घरी एक-दोन मुलांना घेऊन बसायचं असो किंवा मंडळाच्या मराठी शाळेत असा उपक्रम सुरू करायचा असो, सुरुवात वाटते तेवढी अवघड नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये या गोष्टीची मुळं जुनी आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीने लोकांना संगणकसाक्षर करायची मोहीम काढली आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बनवून घेतला. तो शाळाशाळांत पोचला. इथल्या पन्नाशीच्या सहकाऱ्यांशी बोलताना त्या संगणकाचं नाव काढलं, की त्यांचे डोळे अजून चमकतात. पुढे शाळेतला संगणकाचा तास म्हणजे पत्र टाइप करणं आणि स्लाइड बनवणं एवढाच उरला. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात तो बदलला. आता पाच वर्षांच्या मुलांपासून ‘अल्गोरिदम म्हणजे काय’ आणि ‘साधा प्रोग्राम लिहून त्यातली चूक शोधा’ हे शिकवलं जातं. आणि मार्च २०१६ पासून ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना बीबीसीच्या पुढाकाराने एक छोटं उपकरण मोफत वाटलं गेलं. एकूण सुमारे दहा लाख. त्याचं नाव मायक्रोबिट.

हे उपकरण म्हणजे चार बाय पाच सेंटिमीटरची एक उघडी पाटी. मध्ये पाच ओळींत पाच असे २५ लाल दिवे, दोन बाजूंना ए आणि बी ही दोन बटणं. हललेलं-कललेलं ओळखणारा सेन्सर आहे, होकायंत्र आहे, तापमान आणि उजेडाचा अंदाज घेता येतो. दोन मायक्रोबिट एकमेकांना रेडिओवरून निरोप पाठवू शकतात. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आहे. किंमत साधारण पंधरा-वीस पौंडांच्या घरात. अनेक ग्रंथालयांतून तो पुस्तकासारखा घरीही नेता येतो.

पहिला धडा मात्र उपकरणाला हात न लावता करावा. इथल्या शाळांत त्यासाठी जॅम सँडविच बनवतात. मूल सूचना देतं आणि शिक्षक शब्दशः तेवढंच करतात. ‘पावावर जॅम ठेव’ म्हटलं, की शिक्षक जॅमची अख्खी बरणी पावावर ठेवतात. आपल्या घरात हाच खेळ कांदेपोह्यांवर खेळा. मूल म्हणेल, ‘पोहे भिजव’. तुम्ही पिशवीसकट पोहे पाण्यात घाला. मग ते म्हणेल, ‘नाही, आधी पिशवी फोड!’ किती पोहे? किती वेळ भिजवायचे? आधी फोडणी की आधी कांदा चिरायचा? ‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे किती? आजीला न सांगता कळतं, यंत्राला कळत नाही. क्रम, अचूकपणा आणि ‘असं झालं तर तसं कर’ या तिन्ही गोष्टी मुलाला ओट्यापाशीच समजतात. वर पोहेही खायला मिळतात.

त्यानंतर संगणक. अगदी नवख्यांसाठी एमआयटीमध्ये तयार झालेलं आणि २००७ पासून सर्वांना मोफत मिळणारं ‘स्क्रॅच’ उत्तम. टाइप काहीच करायचं नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. ठोकळ्यांचे आकारच असे, की चुकीच्या जागी ते बसत नाहीत. मायक्रोबिटसाठी ‘मेककोड’ हा संपादक असाच ठोकळ्यांचा आहे. त्याची मोठी सोय म्हणजे पडद्यावर डावीकडे एक खोटा मायक्रोबिट दिसतो. खरा हातात नसला तरी प्रोग्राम त्याच्यावर चालवून बघता येतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता आजच सुरुवात करता येते.

आमच्या क्लबात पहिला खेळ असतो फासा. ‘हलवल्यावर’ हा ठोकळा घ्यायचा, त्यात ‘आकडा दाखव’ आणि त्यात ‘कोणताही एक आकडा निवड’. मुलं हौसेने मायक्रोबिट हलवतात आणि फाशावर शून्य येतं. दुसऱ्याच्या फाशावर दहा! एकदम हशा पिकतो. कारण त्या ठोकळ्यात आधीपासून ‘० ते १०’ असं भरलेलं असतं. ते आपण सांगायचं नाही. कुणीतरी सापशिडीचा पट काढलेला असतो, शून्य पडल्यावर सोंगटी जागची हलत नाही, मग मूल स्वतःच ठोकळा उघडून बघतं आणि १ ते ६ करतं. प्रोग्राममधली चूक शोधून काढायचा हा त्यांचा पहिला अनुभव, आणि तो हसतखेळत झालेला असतो.

दुसरा खेळ दगड-कागद-कात्री. इथे ‘जर-तर’ येतं. शून्य आलं तर दगडाचं चित्र, एक आलं तर कागद, नाहीतर कात्री. चित्रं २५ दिव्यांत स्वतः काढायची. कात्री काढताना भलतीच कसरत होते. मग दोघं-दोघं खेळतात आणि तक्रार येते, ‘माझ्याकडे सारखा दगडच येतोय, हा बिघडलाय.’ मी त्यांना वही देते. तीस वेळा हलवा, प्रत्येक वेळी काय आलं ते लिहा. बहुतेकदा तिन्ही गोष्टी दहाच्या आसपास येतात, नेमक्या दहा नाहीत. लागोपाठ तीनदा दगड येणं हा बिघाड नाही, हे समजलं की संभाव्यतेचा धडा नाव न घेता शिकून होतो.

तिसरा खेळ माझा सर्वात आवडता, दोरीउड्या मोजणारं यंत्र. मायक्रोबिट बॅटरीसकट मोज्यात खोचायचा. ‘मोजणी’ नावाचा एक डबा करायचा, सुरुवातीला त्यात शून्य, प्रत्येक हिसक्याला एक वाढवायचा आणि आकडा दाखवायचा. नऊपर्यंत सगळं ठीक चालतं. दहापासून घोटाळा सुरू होतो. दोन अंकी आकडा त्या इवल्या पडद्यावर मावत नाही, तो सरकत सरकत दाखवला जातो आणि तेवढ्यात पुढची उडी होऊन जाते. उड्या झाल्या वीस, यंत्र म्हणतं चौदा. एका मुलीने यावर दोन शनिवार घालवले. शेवटी तिने मोजणं आणि दाखवणं वेगळं केलं. हिसक्याला फक्त मोजायचं, आकडा दाखवायचा तो बटण ए दाबल्यावर. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठल्याही सर्टिफिकेटवर छापता येणार नाही. आणि खरं सांगायचं, तर आमच्या ऑफिसात मोठ्या प्रणालींमध्ये याच जातीचे घोटाळे शोधण्यात आमचे दिवस जातात.

यापुढे रेडिओ आहे. इथे एक व्यवहारातली सूचना. प्रत्येक जोडीला वेगळा गट क्रमांक द्या, ० ते २५५ पैकी कोणताही. सगळ्यांनी एकच क्रमांक ठेवला, तर एकाचा निरोप खोलीतल्या सगळ्यांच्या पडद्यावर जातो आणि कोण कुणाला काय म्हणालं याचा पत्ता लागत नाही. कुंडीतल्या मातीचा ओलावाही मोजता येतो. दोन खिळे मातीत रोवायचे, मगरचिमट्याच्या वायरींनी ते जोडायचे आणि येणारा आकडा बघायचा. माती ओली तर आकडा मोठा, कोरडी तर लहान. खिळ्यांतून सतत वीज खेळती ठेवली तर ते गंजतात, म्हणून फक्त मोजण्यापुरतीच वीज सोडायची. क्लबातल्या एका मराठी मुलाने आईच्या तुळशीसाठी हे केलं आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवलं. आजोबांची शेती आहे, ठिबक आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘खिळे किती खोल रोवलेस? वरची माती आधी वाळते, मुळाशी ओल असते.’ नातवाने खिळे बदलून लांब घेतले. एरवी त्या दोघांचं बोलणं ‘जेवलास का?’ आणि ‘अभ्यास कसा चाललाय?’ यापुढे जात नसे. त्या दिवशी अर्धा तास झाला, आणि तोही मराठीत.

शिकवणाऱ्यासाठी काही साध्या गोष्टी. पहिली, मुलाच्या माऊसला हात लावायचा नाही. आपण दोन सेकंदांत दुरुस्त करू शकतो, पण मग तो प्रोग्राम आपला होतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? कुठपर्यंत बरोबर चाललंय? दुसरी, दोघांत एक संगणक द्या. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. जास्त येणारा सगळं बळकावून बसत नाही, लाजरं मूलही बोलू लागतं. तिसरी, यूएसबी केबल आधी तपासून घ्या. घरातल्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून प्रोग्राम जात नाही आणि अख्खा तास वाया जातो. चौथी, इंटरनेटवर मुलांची खाती उघडताना खरं नाव, शाळा, वय यातलं काही वापरू नका. आणि इथे इतरांच्या मुलांबरोबर नियमित काम करायचं असेल, तर डीबीएस तपासणी करून घ्यावी लागते. तिचा बाऊ करू नका, ती आपल्याच मुलांसाठी आहे.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न: ‘कोडिंग तर आता एआयच करतोय, मग हे शिकून काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. मी कामावर रोज ती साधनं वापरते. ती प्रोग्राम भराभर लिहून देतात हे खरं. पण वीस उड्यांचे चौदा का झाले, असा संशय माणसालाच यावा लागतो. नेमकं काय हवंय ते स्पष्ट सांगणं, मिळालेलं तपासून बघणं आणि चुकल्यावर न रडता पुन्हा करणं, या सवयी वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी लागल्या तर पुढे मूल डॉक्टर झालं काय आणि शेफ झालं काय, त्या वाया जात नाहीत. प्रत्येकाने इंजिनिअर व्हावं म्हणून हा खटाटोप नाही. दिवसाचे तीन तास दुसऱ्याने बनवलेला खेळ खेळणाऱ्या मुलाला, खेळ बनवताही येतो एवढं कळावं, म्हणून आहे.

भारतातही वारं याच दिशेने वाहतंय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीच्या आसपास कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलंय आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभरातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्यात. आपल्या गावच्या शाळेत अशी लॅब असेल, तर पुढच्या सुट्टीत एक दुपार तिथे जाऊन या. उपकरणं असतात, पण मुलांशेजारी बसून ‘काय व्हायला हवं होतं?’ असं विचारणारं माणूस दर वेळी असतंच असं नाही. लॅब नसेल तरी अडत नाही. मायक्रोबिटचं फोनवरचं अॅप आहे, लॅपटॉप नसलेल्या घरातही ते चालतं. भाचरांसाठी बॅगेत चॉकलेटं तर आपण भरतोच. त्यांच्या शेजारी एक मायक्रोबिट, दोन ट्रिपल-ए सेल आणि चालणारी केबल ठेवायला कितीशी जागा लागते? चॉकलेटं विमानतळावरून घरी पोचेपर्यंत संपतील. फाशावर शून्य का आलं, याचा शोध मात्र सुट्टीभर पुरेल.