डेटाबेसाची प्रतिकृती : निवडलेले मार्ग आणि वर्णानुक्रम

शब्दकोशाच्या, बोलींच्या सर्वेक्षणाच्या किंवा शिलालेखांच्या वाचनाच्या कामातून जमणारी सामग्री पूर्वी चिठ्ठ्यांच्या कपाटांत राहत असे. आज ती बहुधा डेटाबेसात राहते. कपाट जळाले की सर्व गेले, ही जुनी भीती मात्र कायम आहे. तीवरचा उपाय म्हणजे डेटाबेसाची सतत अद्ययावत राहणारी दुसरी प्रत, अर्थात प्रतिकृती. लिनक्सवर पोस्टग्रेस्क्यूएल या प्रणालीत अशी प्रतिकृती उभारताना, विशेषतः सामग्री नेहमीच्या जागी न ठेवता आपण निवडलेल्या जागी ठेवावयाची असता, कोणत्या गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याचे एक टोक थेट आपल्या शास्त्रात, वर्णानुक्रमाच्या प्रश्नात, जाऊन पोचते.

मूळ कल्पना साधी आहे. पोस्टग्रेस्क्यूएल प्रत्येक बदलाची नोंद आधी एका रोजनाम्यात करते व मागाहून तो बदल सामग्रीच्या फायलींत उतरविते. २०१० साली आलेल्या ९.० या आवृत्तीपासून हा रोजनामा जसजसा लिहिला जातो तसतसा दुसऱ्या सर्व्हरकडे धाडता येतो. दुसरा सर्व्हर त्यातील नोंदी बरहुकूम आपल्या फायलींत उतरवितो. आरंभीची संपूर्ण नक्कल ‘पीजी_बेसबॅकअप’ या साधनाने घेतली जाते. या पद्धतीस भौतिक प्रतिकृती म्हणतात. तीत शब्द, अर्थ, तक्ते यांची जाण कोठेच नसते. एका फायलीतील बाइट दुसऱ्या फायलीत जातात, एवढेच.

आता जागेचा प्रश्न. सर्व्हरची मूळ डिस्क लहान आणि सामग्रीसाठी जोडलेली डिस्क मोठी, अशी स्थिती सर्वत्र आढळते. म्हणून सामग्रीचा मार्ग बदलणे क्रमप्राप्त होते. डेबियन कुळातील लिनक्सवर सामग्री ‘व्हार’ या निर्देशिकेखाली आणि तिची व्यवस्थापत्रे मात्र ‘इटीसी’ या निर्देशिकेखाली असतात. ‘पीजी_बेसबॅकअप’ केवळ सामग्रीची निर्देशिका उचलते. व्यवस्थापत्रे मागेच राहतात व ती हाताने न्यावी लागतात. रेडहॅट कुळात ती सामग्रीबरोबरच असल्यामुळे ही अडचण येत नाही, पण तेथे दुसरी येते. एसईलिनक्स ही पहारेकऱ्यासारखी योजना अनोळखी जागेतील फायली डेटाबेसास उघडू देत नाही. नव्या निर्देशिकेस ‘सेमॅनेज’ व ‘रिस्टोरकॉन’ या आज्ञांनी योग्य ओळखचिठ्ठी लावून द्यावी. पहाराच उठवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. शिवाय सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीस नव्या मार्गाची माहिती वेगळी द्यावी लागते, अन्यथा ती जुन्या, रिकाम्या जागेकडे पाहत राहते.

प्रतिकृतीची देखरेख करणारे ‘रेपएमजीआर’सारखे साधन मूळ संहितेपासून बांधावयाचे असल्यास ते ‘पीजी_कॉन्फिग’ या छोट्या कार्यक्रमास विचारून आपल्या जागा ठरविते. यंत्रावर पोस्टग्रेस्क्यूएलच्या दोन आवृत्त्या असतील आणि शोधमार्गात चुकीची आधी सापडली, तर साधन निमूटपणे चुकीच्या घरी जाऊन बसते. अभीष्ट ‘पीजी_कॉन्फिग’चा पूर्ण मार्ग देणे, हाच त्यावर उपाय.

टेबलस्पेसची बाब अधिक नाजूक आहे. डेटाबेसाचा काही भाग वेगळ्या डिस्कवर ठेवला असेल तर त्याचा संपूर्ण मार्ग सामग्रीतच नोंदलेला असतो. पहिली नक्कल घेताना एका मार्गाऐवजी दुसरा योजण्याची सोय आहे. परंतु ती त्या एका वेळेपुरतीच. पुढे मुख्य सर्व्हरवर नवा टेबलस्पेस निर्माण केला की रोजनाम्यातून तोच मार्ग प्रतिकृतीकडे जातो, आणि तेथे ती निर्देशिका आधीच नसेल तर रोजनाम्याची अंमलबजावणी थांबते. सबब दोन्ही सर्व्हरांवर मार्ग एकसारखे ठेवणे, हेच शहाणपणाचे.

येथवरच्या चुका निदान बोलतात. सेवा सुरू होत नाही, तक्रार नोंदली जाते. यापुढची मात्र मुकी आहे. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस शब्दांची क्रमबद्ध सूची ठेवतो. हा क्रम कोणता, हे तो सामान्यतः स्वतः ठरवीत नाही. लिनक्समधील ग्लिबसी या ग्रंथालयास विचारतो. आपण सामग्री कोणत्याही मार्गावर हलवा, वर्णानुक्रमाचे नियम सर्व्हरच्या मूळ डिस्कवरच राहतात, आणि नक्कल त्यांना स्पर्शही करीत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले; डेबियन १० व रेडहॅट ८ (दोन्ही २०१९) यांत ते आले. मुख्य सर्व्हर जुन्या लिनक्सवर आणि प्रतिकृती नव्यावर असेल, तर सूची एका नियमाने रचलेली व दुसऱ्या नियमाने वाचली जाणारी, असा प्रसंग ओढवतो.

याचा परिणाम मराठी उदाहरणाने पाहू. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’नंतर व ‘व’पूर्वी येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. पहिल्या क्रमाने ‘काळ’ हा ‘काव’च्या आधी, दुसऱ्याने नंतर. सूची एका क्रमाने लावलेली आहे आणि शोधणारा दुसरा क्रम मनात धरून चालला आहे, असे समजा. तो चुकीच्या फांदीकडे वळतो आणि ‘असा शब्द नाही’ असे उत्तर देतो. शब्द तर तक्त्यात आहे! अशा प्रतिकृतीस पुढे मुख्य सर्व्हरचे स्थान दिले, तर ‘न सापडलेला’ शब्द पुन्हा नोंदला जातो, आणि एकच नोंद दोनदा होऊ नये हा निर्बंधही निष्फळ ठरतो. प्रत अक्षरशः बिनचूक असते, आणि तरीही कोश बिघडतो.

२०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसाच्या वर्णानुक्रमाची आवृत्ती नोंदून ठेवते व तफावत दिसल्यास इशारा देते. दुरुस्ती करीत नाही. ‘एमचेक’ या जोडसाधनाने प्रतिकृतीवरील सूचीची तपासणी करता येते. प्रतिकृतीवर मात्र लिहिण्यास मज्जाव असल्याने तेथे सूची नव्याने रचता येत नाही. म्हणून दोन्हीकडे लिनक्सची एकच आवृत्ती ठेवणे इष्ट. माझ्या मते कोशकार्यासाठी आणखी एक मार्ग बरा : सूची केवळ बाइटांच्या, म्हणजे ‘सी’ या क्रमाने ठेवावी आणि छापण्याच्या वेळी मराठी क्रम मागून घ्यावा. ‘सी’ क्रमात ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो, हे खरे, पण तो क्रम ग्रंथालय बदलल्याने बदलत नाही.

लिनक्सच्या आवृत्त्या भिन्न ठेवणे अपरिहार्यच असेल, तर २०१७ साली दहाव्या आवृत्तीत आलेली तार्किक प्रतिकृती योजावी. तीत बाइटांऐवजी ओळी जातात. प्रत्येक सर्व्हर आपली सूची आपल्या नियमाने रचतो व सामग्री आपल्या पसंतीच्या मार्गावर ठेवू शकतो. तक्त्यांच्या रचनेतील फेरफार मात्र तिच्यातून पलीकडे जात नाहीत. ते दोन्ही ठिकाणी स्वहस्ते करावे लागतात.