नगराचा आराखडा आणि आपली हरकत

आपल्या घरांत वास्तुशांतीचा मुहूर्त पंचांग पाहून ठरतो. परंतु ज्या भूमीवर ती वास्तु उभी राहावयाची, तिच्या भाळीं नगराच्या नकाशांत काय लिहिलें आहे, हें आधीं पाहणारे गृहस्थ विरळा. दारापुढें महानगरपालिकेचा मनुष्य मोजणीची फीत घेऊन उभा राहिला म्हणजे मग धांवाधांव होते. वस्तुतः बोलण्याची वेळ कायद्यानें त्यापूर्वींच दिलेली असते.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें नगराचा विकास आराखडा करून वीस वर्षांच्या आंत त्याची फेरतपासणी करावी लागते. वस्ती कोठें, बाजार कोठें, शाळा व क्रीडांगण कोठें, कोणता रस्ता किती रुंद, हें सर्व त्यांत ठरतें. प्रारूप प्रसिद्ध झालें कीं लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. बृहन्मुंबईस त्यासाठीं साठ दिवसांची मुदत आहे. नंतर नियोजन समिति सुनावणी घेते व अखेरचा शब्द राज्य शासनाचा असतो. एकदां जागेवर आरक्षण पडलें म्हणजे तेथें घर नव्यानें बांधण्याची परवानगी मिळणें दुरापास्त. आराखडा अमलांत आल्यावर दहा वर्षांत जागा संपादन झाली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते, हें खरें. पण दहा वर्षांत शाळेंत जाणारा नातू पदवीधर होतो आणि वाड्याच्या तुळयांस वाळवी लागते.

हरकतींना कोण विचारतो, असें म्हणून हात झटकणाऱ्यांनीं मुंबईचें उदाहरण आठवावें. २०३४ सालापर्यंतचा प्रारूप आराखडा तेथें फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहीं रेल्वे स्थानकांभोंवतीं भूखंडाच्या आठपट बांधकाम त्यांत सुचविलें होतें. आरेच्या हिरव्या पट्ट्यांतही बांधकामास वाट करून दिली होती. त्याहून लोकांस अधिक बोंचल्या त्या नकाशांतील चुका. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, पुरातन वास्तू नोंदींतून गळालेल्या! हरकती हजारोंनीं गेल्या. एप्रिल २०१५ मध्यें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं आराखडा दुरुस्त करून नव्यानें मांडण्याचा आदेश दिला. सुधारलेलें प्रारूप मे २०१६ मध्यें आलें व मे २०१८ मध्यें त्यास मंजुरी मिळाली.

आतां हरकत लिहावी कशी? आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मजसारख्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: प्रश्नास सोडून लिहिलेल्या सुंदर निबंधास गुण मिळत नाहींत. ‘आम्ही उघड्यावर पडूं’ हें वाक्य कितीही खरें असलें, तरी समितीनें त्यावर करावें काय? आपला नगरभूमापन क्रमांक, नकाशाच्या पानाचा क्रमांक, जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे व केव्हांपासून, त्यास पुरावा कोणता, आणि नेमका बदल कोणता हवा, एवढें एका पानांत लिहावें. मिळकतपत्रिकेची व कराच्या पावतीची नक्कल जोडावी, पोंच घ्यावी आणि सुनावणीस जातीनें जावें. छापील मजकुरावर शंभर सह्या गोळा करण्यापेक्षां अशीं दहा पानें मला अधिक मोलाचीं वाटतात.

हा अधिकार केवळ मालकाचा नाहीं. कोणाही व्यक्तीस तो आहे, भाडेकऱ्यासही. येथेंच खरी अडचण आहे. आपल्या भिंतीस रेघ लागली कीं प्रत्येक जण लिहितो. क्रीडांगणाची रेघ पुसली गेली तर कोणी लिहीत नाहीं, कारण तें कोणाच्याच मालकीचें नसतें. एकाच घरांत थोरल्यास वाड्यावरचें आरक्षण उठावें असें वाटतें, धाकट्यास मुलांना खेळावयास जागा हवी असते, आणि तिसरा नगरांत घर परवडेना म्हणून दोन तास दूर राहावयास गेलेला असतो. तिघेही आपापल्या परीनें खरे! माझ्या मतें त्या घरानें तिन्ही गोष्टी लिहून कळवाव्या; त्यांचा मेळ घालणें हें नियोजनकारांचें काम आहे. शिवाय जुनी विहीर कोठें बुजविली, पावसाळ्यांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढतें, हें नकाशा काढणाऱ्यास ठाऊक नसतें. घरांतील आजींस असतें. तेंही लिहावें.

आराखडा मंजूर झाला म्हणजे सर्व संपलें असेंही नाहीं. त्यांत पुढें किरकोळ फेरबदल करावयाचे झाल्यास पुन्हां सूचना निघते व हरकतीस एक महिना मिळतो. ती वृत्तपत्राच्या आंतल्या पानावर बारीक टाइपांत असते. घरांत ज्यांस सकाळीं चष्मा लावून पेपर शेवटपर्यंत वाचावयास वेळ आहे, त्यांनीं तेवढा एक कोपरा पाहत जावा.