तांबे, जनुक आणि मुलांचे यकृत

सातारा-सांगलीत रूढ असलेल्या आतेभाऊ-मामेबहीण विवाहांत दोघांकडेही एकाच पूर्वजाचे सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि तसे असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका २५ टक्के असतो. विल्सन आजार हा असाच, जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतानाच उद्भवणारा विकार असून, १९९३ मध्ये उलगडलेल्या एटीपी७बी जनुकातील उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे जनुकीय रचनेतील बदलांमुळे, यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी अभ्यासलेल्या भारतीय बालयकृतकाठिण्य या मुलांच्या यकृताच्या दुसऱ्या आजारात मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या दुधाशी संबंध आढळला. विल्सनग्रस्त मुलाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणे दिसण्यापूर्वीच व्हावी, कारण वेळेवरचे औषध यकृत वाचवू शकते.