घाम न दाखवणारी हवा

आपल्याकडे उन्हात सायकल चालवली की शरीर लगेच तक्रार करते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत सदरा पाठीला चिकटतो, कपाळावरून धारा लागतात आणि माणूस आपोआप सावली शोधून पाणी मागतो. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम त्वचेवर येताच उडून जातो. सदरा कोरडा, कपाळ कोरडे. त्यामुळे आपण दमलेलो नाही, असेच वाटत राहते. साठीपुढच्या सायकलस्वाराने तेथे जाण्यापूर्वी समजून घ्यावी अशी पहिली गोष्ट हीच.

हे सांगण्याचे निमित्त म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरालगतची एक डांबरी फेरी. मुलाकडे वा लेकीकडे काही महिने त्या भागात राहायला जाणारे मराठी आईवडील आता नवलाचे राहिलेले नाहीत, आणि गेलेल्यांना हा रस्ता कोणी ना कोणी दाखवतोच. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागात, रिंकॉन पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे १३ किलोमीटरांचा हा रस्ता वळणे घेत पुन्हा आरंभापाशी येतो. बहुतांश एकेरी वाहतूक असल्याने समोरून मोटार येण्याची धास्ती नाही. दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंगांचे वन. हे झाड पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढते; त्याला फांद्यांचे हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षे, कोरड्या जागी त्याहूनही अधिक काळ लागतो आणि ते दीडशे वर्षांहून अधिक जगते. आपल्या वयाचे झाड येथे अजून तरुण असते! त्याच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की त्या फुगतात, अवर्षणात मिटतात. पाणी साठवण्याची ती कोठीच.

आपल्या देहातील कोठी मात्र वयानुसार लहान होत जाते. स्नायूंमध्ये पाणी अधिक असते, आणि उतारवयात स्नायू घटतात. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता मंदावते. शिवाय तहानेची जाणीवच बोथट होते: शरीराला पाणी हवे असते, तरी घसा मागत नाही. म्हणजे घाम दिसत नाही आणि तहानही लागत नाही. दोन्ही पहारेकरी झोपलेले. अशा वेळी विश्वास घड्याळावर ठेवावा. दर पंधरा मिनिटांनी थांबून चार-सहा घोट प्यावे, इच्छा असो वा नसो. पाणी आरंभीच भरून घ्यावे. वाटेत मिळेल असे धरू नये. एकदम लिटरभर साधे पाणी पिऊन ‘भरपाई’ करू नये, कारण त्याने रक्तातील क्षार पातळ होतात. तासाहून अधिक चालवणार असाल, तर एका बाटलीत जलसंजीवनी असलेली बरी.

औषधांचा विचार येथे टाळता येत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आधीच कमी होत असते. हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवरून श्रम मोजू नयेत. तो आकडा दिशाभूल करतो. चढावर पूर्ण वाक्य बोलता येते का, एवढे पाहावे. येत नसेल, तर उतरून सायकल हाती धरून चालावे. यात कमीपणा कसला? मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात. हृदयविकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी वरचा पंधरा मिनिटांचा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नये.

काळ कोणता निवडावा? आपला उन्हाळा टाळण्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत परदेशी जाण्याची आपली रीत टूसॉनपुरती नेमकी उलटी पडते. तेथे जूनमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. तेव्हा पहाट मात्र चांगलीच गार असते, म्हणून सहज काढता येईल असा स्वेटर असावा. उन्हाळ्यात जाणे झालेच, तर ही फेरी मोटारीतून पाहावी. मे-जूनमध्ये सग्वारोच्या टोकांवर पांढरी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मिटतात, त्यामुळे सकाळीच जाणे बरे.

रस्ता डांबरी असला तरी सपाट नाही. तीव्र उतार आणि लगेच वळण अशी ठिकाणे आहेत. उताराला लागण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि दोन्ही ब्रेक हलके दाबावेत. सायकल चालवून हाडे फारशी बळकट होत नाहीत, त्यामुळे हाडे ठिसूळ झालेल्यांना पडणे महागात जाते. ज्यांचा तोल डळमळतो त्यांनी तीनचाकी सायकल पाहावी. गुडघे कुरकुरत असतील, तर विजेचे साहाय्य असलेली सायकल उत्तम. मात्र तिच्या वजनाचा सराव आधी घराजवळच्या शांत गल्लीत व्हावा. रस्त्याकडेला चोया नावाचा काटेरी निवडुंग आहे. त्याचे गोळे कपड्यांना चिकटतात, ते हाताने ओढू नयेत. तेथील लोक त्यासाठी खिशात कंगवा ठेवतात. विनोदी वाटेल, पण उपयोगी आहे.

आता सोबत जाणाऱ्या मुला-सुनांसाठी. ‘बाबा, या वयात नको’ म्हणून विषय संपवू नका, आणि ‘काही होत नाही, चला’ म्हणून ओढूही नका. थोडे मागे राहून चालवा. पुढे गेलात तर दिसणार काहीच नाही. ते ‘ठीक आहे’ म्हणतात की नाही, यावर विसंबू नका. बोलणे अडखळू लागले, उगाच चिडचिड झाली, साध्या प्रश्नाचे भलतेच उत्तर आले, तर फेरी तेथेच थांबवा. सावलीत बसवा, मानेवर व अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ९११ क्रमांकावर मदत मागवा. गोंधळलेल्या किंवा ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

वाटेत थांबाल तेव्हा एक गोष्ट पाहून घ्या. कोवळा सग्वारो सहसा उघड्यावर उभा नसतो. पालो वर्दे किंवा मेस्किट नावाच्या झाडाच्या सावलीत तो वाढतो, कडक ऊन आणि थंडी त्या झाडावर ढकलून. तेथे या झाडांना दाई-झाड म्हणतात.